पंधरा सेकंदांनी येणारी दाद

2 मे 2020 हा गायक वसंतराव देशपांड्यांच्या जन्मशताब्दीचा दिवस. जन्म मूर्तिजापूरचा असला तरी त्यांचं लहानपण नागपूरचं. शंकरराव सप्र्यांकडे त्यांचा गळा तयार झाला तो याच गावात. त्या संध्याकाळी धरमपेठेत ओळखीच्यांच्या मोठ्या दिवाणखान्यात मारवा गायचा, असं मी जानेवारीतच ठरवलं होतं. साठेक माणसं, खाली सतरंज्या, मध्यंतरात चहा. मारवाच का, तर वसंतराव लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे मारवा शिकले ही गोष्ट गुरुजींनी मला इतक्या वेळा सांगितली होती, की तो राग आणि तो माणूस माझ्या मनात वेगळे होतच नाहीत.

25 मार्चला देश बंद झाला. सिव्हिल लाइन्समधलं वसंतरावांच्या नावाचं सभागृहही बंद, आणि शताब्दीच्या दिवशीही बंदच राहणार. मला ते फार लागलं. माझे गाण्याचे क्लास एप्रिलपासून मीटिंगच्या एका ॲपवर सुरू झालेच होते. मी म्हटलं, त्यावरच गाते. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली. शनिवार होता. सूर्य मावळायच्या बेतात असताना मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवला, मुलीच्या हातात तंबोरा दिला आणि डोळे मिटून सुरुवात केली. चाळीस मिनिटं झाली आणि फुकटची मीटिंग आपोआप बंद पडली, मी अंतऱ्यात असताना.

पाच मिनिटांत लक्ष्मीनगरच्या काकांचा फोन आला. वडिलांचे मित्र, निवृत्त शिक्षक, आयुष्यभराचे कानसेन. "पोरी, गायलीस चांगलं. पण तंबोरा काऊन नाही लावला?"

तंबोरा माझ्यापासून दोन हातांवर होता. तारांना झंकार देणारी जवारी सकाळीच नीट करून घेतली होती. मी मुलीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मग एका विद्यार्थिनीने तिच्याकडचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात तंबोरा खरोखरच नव्हता. पहिल्या दोन सेकंदांत झंकार होता, नंतर तो विरत गेला आणि पुढे कुठेच नाही.

कारण कळायला दोन दिवस लागले. ती ॲप बोलण्यासाठी बनवलेली असतात. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा, एसी, रस्त्यावरची घरघर, असं ती धरून चालतात आणि तो गाळून टाकतात. तंबोऱ्याचं तर कामच एकसारखं चालू राहणं. दुसरा कुठला राग असता तर कदाचित निभावलं असतं. पण मारव्यात पंचम, म्हणजे प, नाहीच, आणि षड्ज, म्हणजे सा, तोही जपून, चुकवून लावायचा. कोमल रिषभ (रे) आणि धैवत (ध) यांवर सगळा डोलारा उभा. गळ्यातून जो षड्ज येत नाही तो तंबोऱ्यातून येत राहतो, म्हणून ऐकणाऱ्याला कळतं की आपण घरापासून किती लांब येऊन उभे आहोत. तंबोरा काढून घेतला तर ती ओढ कशाची, हेच कळत नाही. वसंतरावांच्या शताब्दीला मी लोकांना षड्ज नसलेला मारवा ऐकवला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आवाज न गाळता जसाच्या तसा पाठवण्याची सोय त्या ॲपच्या सेटिंगमध्ये दडलेली होती. ती सापडली, चालू केली, आणि तंबोरा आला. त्याच्याबरोबर कूलरही आला.

नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करून गाणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पारा 45 च्या आसपास, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर, आणि खिडकीतल्या कूलरचा पंखा मंद्र सप्तकाच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, वर उठून गाणारा. त्यात मोबाइलचा माइक स्वतःहून आवाज कमी-जास्त करतो. मी मंद्रात हळू गेले की तो माइक वाढवायचा, म्हणजे कूलर मोठा. वरचा, तार सप्तकातला षड्ज लावला की तो घाबरून सगळंच दाबायचा. चाळीस वर्षं मेहनत करून हळू आणि मोठं यांतलं जे अंतर कमावलं, ते तो फोन एका पातळीवर आणून ठेवत होता.

वाट दाखवली ती एका साऊंडवाल्या भाऊंनी. महालात त्यांचं गोडाऊन. लग्नाचा सगळा सीझन बुडाला होता, स्पीकर-मिक्सर कापडाखाली धूळ खात पडले होते. मी फोन केला तर म्हणाले, "ताई, मिक्सर घेऊन जा ना, इथं असाही पडूनच राह्यला." भाड्याचं नावही काढलं नाही. यूएसबीने लॅपटॉपला जोडता येणारा छोटा मिक्सर आणि साधा डायनॅमिक माइक त्यांनी दिला. महागडा कंडेन्सर माइक मुद्दामच दिला नाही. तो शेजारच्या शिट्ट्यांपासून गल्लीतल्या कुत्र्यापर्यंत सगळं उचलतो म्हणाले. त्यांचंच म्हणणं, की गायच्या आधी दोन तास कूलर लावून खोली गार करायची आणि सुरुवातीला बंद करायचा. पुढची पन्नास मिनिटं कशीबशी निघतात. आजही मे महिन्यात माझा कार्यक्रम पन्नास मिनिटांचाच असतो.

यूट्यूबवर मोबाइलमधून थेट जायला त्या वेळी हजार सबस्क्रायबर लागायचे. माझ्या चॅनेलचे 83 होते. लॅपटॉपवरून मात्र ती अट नव्हती. फक्त पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला एक दिवस आधी परवानगी घ्यावी लागते, हे मला कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी कळलं. तो कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर ढकलला. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर हवा, हा धडा जूनच्या पहिल्या वादळाने दिला. घरात दिवे चालू, लॅपटॉप चालू, आणि गाणं कुठेच पोचत नव्हतं.

तबल्याची गोष्ट निराळी, आणि तिच्यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. साथीला असणारे दादा इतवारीत राहतात. त्यांची गल्ली सील. आम्ही दोघांनी आपापल्या घरून एकत्र वाजवून पाहायचं ठरवलं. एकवीस वर्षं ते माझ्या साथीला आहेत. मी श्वास घेतला की त्यांना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कळते. विलंबित, म्हणजे संथ, एकतालातही आम्ही एकमेकांना सापडेनात. ते मला ऐकून ठेका धरायचे, तो माझ्याकडे उशिरा यायचा, मी त्याच्यासाठी थांबायची, मग ते माझ्यासाठी थांबायचे. दोन आवर्तनांत, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांत, लय जमिनीवर. दादा फोनवर म्हणाले, "ताई, दोघं एकमेकाची वाट पाहून राह्यलो, अन् कोणीच येऊन नाही राह्यलं."

हिशेब मी नंतर मांडून पाहिला. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. इंटरनेटवर आवाज पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागला, तर ते म्हणजे तबलजी 34 मीटर लांब बसवल्यासारखं. आमच्यात तर त्याहून कितीतरी जास्त उशीर होता. द्रुत, म्हणजे जलद, तीनतालात मात्रा पाव सेकंदाची असते. तिथे कसं जमणार? कितीही महागडं कनेक्शन घेतलं तरी इथला उशीर पूर्ण जात नाही. हे कोणी आधी सांगितलं असतं तर आमचे पंधरा दिवस वाचले असते, म्हणून इथे स्पष्ट लिहिते: साथीदार एका खोलीतच हवेत.

तोवर मी ॲपमधल्या ठेक्यावर गायले. ते माझ्याने फार दिवस झालं नाही. ॲप लयीला पक्कं असतं, पण मी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेऊन समेवर आले की समोरून कोणी माझ्याबरोबर येत नाही. दादा ऑक्टोबरात घरी आले. खोलीच्या दोन टोकांना बसलो, खिडक्या उघड्या. त्यांनी डग्ग्यावर तळहात घासत पहिला घिस्सा घेतला आणि माझं गाणं पाच मिनिटं सुरूच होऊ शकलं नाही.

त्याच दिवशी एक नवी तक्रार आली: तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा टणक बोल, ऐकू येते, डग्गा येत नाही. साऊंडवाल्या भाऊंनी मिक्सर तपासला, सगळं ठीक. दोष ऐकणाऱ्याच्या हातात होता. मी पेटीच्या काळी चार पट्टीत गाते. माझ्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण 104 हर्ट्झची. मोबाइलचा चिमुकला स्पीकर इतकं खालचं धड वाजवूच शकत नाही. डग्ग्याची घुमारही तिथेच, खाली. तेव्हापासून निमंत्रणात मी एक ओळ टाकते: इअरफोन लावून ऐका, नाहीतर फोन टीव्हीला किंवा होम थिएटरला जोडा. एका विद्यार्थिनीच्या सासूबाईंनी पहिल्यांदा इअरफोन लावले आणि चॅटमध्ये लिहिलं, "खाली इतकं काही होतं हे माहीतच नव्हतं."

डेटाचंही तसंच. आपल्याकडे बहुतेकांचा दिवसाचा पॅक दीड-दोन जीबीचा. चांगल्या चित्राचा दीड तासाचा कार्यक्रम दीड जीबीच्या वर सहज जातो, म्हणजे शेवटच्या भैरवीच्या आधी पॅक संपतो. आर्वीच्या एका आजी दर वेळी शेवटच्या पंधरा मिनिटांना गायब व्हायच्या. मला वाटायचं कंटाळल्या. नातवाला विचारलं तेव्हा कळलं. मग मी चित्र मुद्दाम कमी दर्जाचं ठेवलं आणि आवाजाला हात लावला नाही. माझा चेहरा धूसर दिसला तरी चालेल. आजी आता भैरवीपर्यंत असतात.

खरं तर या नव्या पद्धतीला जुनी माणसं तरुणांपेक्षा लवकर रुळली, असं माझं निरीक्षण आहे. त्यांना यंत्रापुढे बसून ऐकायची सवय आहे. नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 चं. राष्ट्रीय संगीत कार्यक्रम 1952 पासून शनिवारी रात्री लागायचा. आमच्या घरी त्या वेळी जेवणं आटोपलेली असत, दिवा मंद केलेला असे आणि वडील खुर्ची रेडिओसमोर ओढून बसत. मध्ये कोणी बोललं तर हात वर करत. लक्ष्मीनगरचे काका तसेच लॅपटॉपसमोर बसतात, कुर्ता घालून. तरुण मंडळी मात्र भाजी निवडता निवडता, गाडी चालवता चालवता ऐकतात. वाईट वाटतं. पण आधी मी त्यांच्यावर चिडायची, ते सोडलं. वेळ मात्र बदलली. संध्याकाळी सातऐवजी रात्री साडेआठ, घरातली कामं उरकल्यावर.

पैशांबद्दल बोलायला आपल्याकडे गायकांना संकोच वाटतो. मलाही वाटायचा. पहिले तीन कार्यक्रम मी फुकट केले आणि खाली क्यूआर कोड लावला: स्वेच्छेने द्या. खाली "अप्रतिम", "अंगावर काटा आला" असे शेकड्याने शेरे आले. पैसे दिले ते अकरा जणांनी. ज्यांनी कधी तीनशेचं तिकीट काढून मला ऐकलं होतं, त्यांनीही "ऑनलाइन आहे ना" म्हणून सोडून दिलं. दादांच्या घरी त्या महिन्यात दुसरा एक रुपया आला नव्हता. मला त्यांच्या डोळ्याला डोळा देववेना.

चौथ्या वेळी मी तिकीट लावलं, शंभर रुपये, पैसे आल्यावरच लिंक. काही जवळच्या माणसांना राग आला. कला विकायला काढली, असंही एकांनी लिहिलं. मी त्यांना उत्तर दिलं नाही. दादांचं मानधन आधी ठरवलं आणि बाकीचं नंतर मोजलं. आजही तोच नियम आहे: आधी तबला, मग संवादिनी, मग साऊंडवाले भाऊ, मग मी. लिंक घरच्या ग्रुपवर फिरतेच, ते थांबवता येत नाही. पण तिकीट काढलेला माणूस वेळेवर येतो आणि शेवटपर्यंत बसतो, हे मी दर कार्यक्रमाला पाहते. ज्यांना यूपीआय जमत नाही त्यांच्यापैकी एका आजोबांनी दूधवाल्याच्या हाती पाकीट पाठवलं होतं, आत 101 रुपये आणि वर हळदी-कुंकवाचं बोट. ते पाकीट मी तंबोऱ्याच्या गवसणीत ठेवलंय.

एकदा मात्र फार मनस्ताप झाला. भीमपलासातली पारंपरिक बंदिश मी गायले, माझ्या गुरुजींनी मला समोर बसवून दिलेली, आणि दुसऱ्या दिवशी त्या व्हिडिओचा आवाज बंद. कुठल्याशा रेकॉर्डिंगशी जुळते म्हणून यंत्राने हक्क दुसऱ्याच्या नावावर लावला होता. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आलेली चीज कोणाच्या मालकीची? मी आक्षेपाचा अर्ज भरला, बंदिश पारंपरिक असून गायन माझंच आहे असं लिहिलं. चोवीस दिवसांनी आवाज परत आला. ज्या नव्या मुलांना हे माहीत नसतं ती घाबरून व्हिडिओ काढून टाकतात. काढू नका. अर्ज करा.

आता ऐकणाऱ्यांकडून येणाऱ्या दादेबद्दल, कारण एवढं सगळं जमल्यावरही माझं गाणं काही महिने सुकलेलं होतं आणि कारण मला सापडत नव्हतं.

बैठकीत समोरचा माणूस तुमच्याबरोबर गात असतो. मुखड्याकडे वळताना त्याची मान हलते, समेच्या आधी कोणीतरी "हं" करतं, आणि त्या हुंकारावर पुढची जागा सुचते. पडद्यावर "क्या बात है" उमटायचं ते पंधरा-वीस सेकंदांनी. विलंबित एकतालाचं आवर्तन पाऊण मिनिटाचं असतं, तेव्हा दाद निदान त्याच आवर्तनात यायची. द्रुत तीनतालात पंधरा सेकंदांत जवळजवळ चार आवर्तनं होऊन जातात. कशाची दाद कशाला, काही कळायचं नाही. मी एक साधी सरगम घेत असताना खाली "वाहवा"ची झड लागायची, कारण आधीची तान त्यांच्यापर्यंत आत्ता पोचलेली असायची. मग त्या वाहवांकडे बघून मी त्या तानेकडे परत जायची, आणि मांडणी भरकटायची. उशीर कमी करायची सोय आहे; पण ती लावली की कमजोर नेटवर्कवर गाणं अडकत अडकत जातं. आर्वीसाठी मी उशीरच ठेवला.

शेवटी पडदा उलटा फिरवला. मला शेरे दिसायला नकोत. आणि समोर माणूस बसवला, खराखुरा, एकच. आधी मुलगी बसायची, नंतर साऊंडवाले भाऊच हेडफोन एका कानावरून काढून बसू लागले. भाऊंना रागाचं नाव सांगता येत नाही. पण लग्नांच्या गर्दीत तीस वर्षं आवाज सांभाळलेला तो कान आहे. निषाद पूर्ण लागला नाही तर त्यांची भुवई हलते. मला तेवढं पुरलं. गाणं परत ओलं झालं. घरून गाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: कॅमेऱ्यासाठी गाऊ नका, कॅमेऱ्याच्या शेजारी कोणाला तरी बसवा.

5 नोव्हेंबर 2020 ला सभागृहं निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुढच्या लाटेत परत बंद झाली. एप्रिल 2021 मध्ये मी गायले नाही. शहरात कोणालाच गाणं सुचत नव्हतं. त्यानंतर चॅटमधली दोन नावं परत आली नाहीत.

22 ऑक्टोबर 2021 ला सभागृहं परत उघडली, सगळं हळूहळू सुरू झालं, आणि सगळ्यांनी गृहीत धरलं की आता लाइव्ह संपलं. मी बंद केलं नाही. धरमपेठेतल्या दिवाणखान्यात आता महिन्याला बैठक असते, चाळीस माणसं समोर आणि तितकीच घरोघरी. समोर बसणाऱ्याला दोनशे, घरच्याला शंभर. साऊंडवाले भाऊ दोन वेगळे आवाज काढतात. खोलीत माझा गळा माइकशिवायही पोचतो, म्हणून तिथे मिक्सरवर तो कमी ठेवतात; आवाजांचा तोच मेळ घरी पाठवला तर गाणं मागे राहतं आणि पेटी पुढे येते. रेकॉर्डिंग सात दिवस ठेवतो आणि काढून टाकतो. ही दादांची अट, आणि ती योग्य आहे. एका बैठकीतला त्यांचा बेत कायमचा बाजारात पडून राहू नये.

न्यू जर्सीत राहणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. मध्यंतरी त्याने विचारलं, ताई, तुमच्या संध्याकाळी सातच्या विशेष बैठकीत यमन, म्हणजे संध्याकाळचा राग, असतो, तेव्हा माझ्याकडे सकाळचे साडेनऊ असतात, मी यमन ऐकावा का? मी रागाची गुरुजींनी शिकवलेली वेळ पाळते, सकाळचा तोडी रात्री गात नाही. बराच विचार केला आणि त्याला म्हटलं, वेळ गाणाऱ्याची धरायची. तू खिडकीचा पडदा ओढून घे. तो घेतो म्हणे. माझ्या मनाचं पूर्ण समाधान झालेलं नाही, म्हणून वर्षातून दोनदा मी रविवारी पहाटे साडेसहाला गाते. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असते आणि माझ्याकडे अहिर भैरवची वेळ. त्याची तक्रार तशीच राहते, पण निदान एकदा तो जागा राहतो आणि मी उठते.

गेल्या 2 मेला मी परत मारवा गायले. कूलर चारला लावला, सहाला बंद केला. वाळ्याचा वास खोलीत होता. दादांनी तबला मिळवला, उन्हाने कातडं चढलेलं, म्हणून दोनदा उतरवावा लागला. माणसं बसली. भाऊंनी हात वर केला, म्हणजे आपण घरोघरी पोचलो. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "आवाज येऊन राह्यला का?" आणि गप्प बसले. उत्तर यायला पंधरा सेकंद लागतात. तेवढा वेळ आता मी काहीच गात नाही, तंबोरा एकटा वाजत राहतो. समोरची माणसंही थांबतात, त्यांना सवय झालीय. मग मुलीने पडद्यावरून वाचलं, आर्वीच्या आजींचं होतं:

"तंबोरा आला. आता लाव षड्ज."

मी रिषभ लावला.